सोबत बोलणारं माणूस आणा

"सोबत कोण आलंय?"

काउंटरवरच्या मुलीनं पुन्हा तेच विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं, "कोण नाही. मी आलेय. दाढ माझी आहे."

तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. मास्क तिनं हनुवटीखाली ओढला होता म्हणून निदान ओठ तरी दिसत होते. ती काहीतरी पुटपुटली, मग एका कार्डाच्या पाठीमागं लिहून ते माझ्यापुढं सरकवलं. 'सोबत बोलणारं माणूस आणा.'

आता बघा! मी तिच्याशी बोलतच होते की. कान गेलेत माझे, तोंड नाही गेलं. नऊ वर्षांची असताना मेंदूत ताप गेला आणि कानांना घेऊन गेला. तोवर मी पोपटासारखी बोलत होते, ते बोलणं मी सोडलं नाही. समोरच्याचे ओठ बघायचे आणि उत्तर द्यायचं. इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात मी सुताच्या कांड्या भरायची. तिथं सगळे माग एकदम धडधडायला लागले की कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळेच ओठांवर आणि हातवाऱ्यांवर बोलतात. तिथं मी कुणापेक्षा कमी नव्हते. उलट कोण कुणाची चहाडी करतंय ते मला लांबून दिसायचं, म्हणून बायका मला टरकून असायच्या.

पण दाताचा दवाखाना म्हणजे सगळ्यांच्या तोंडाला फडकं.

"डॉक्टरांना सांगा, मास्क खाली करून बोला म्हणावं," मी म्हटलं. "नाहीतर लिहून द्या. सातवीपर्यंत शिकलेय मी."

"तसं चालत नाही. उद्या काही झालं तर तुमची माणसं येऊन भांडतील, आम्हाला सांगितलंच नाही म्हणून."

"मला माणसंच नाहीत भांडायला."

तिच्या डोक्यावर भिंतीला एक फलक होता, निळ्या अक्षरांत, चांगला काचेत बसवलेला. 'या दवाखान्यात जात, धर्म, भाषा किंवा अपंगत्व यावरून कोणालाही उपचार नाकारले जात नाहीत. आपल्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा आपला हक्क आहे.' फलक वाचायला काही कान लागत नाहीत. मी त्याच्याकडं बोट दाखवलं.

मुलीनं वळून बघितलं. "ते लावावंच लागतं," ती म्हणाली.

माझी डावीकडची खालची दाढ गेला आठवडाभर ठणकत होती. लवंग धरली, तुरटीच्या गुळण्या केल्या, शेजारणीनं सांगितली ती गोळी खाल्ली. आदल्या दिवसापासून गाल फुगला आणि सूज हनुवटीच्या खाली उतरली. थुंकी गिळताना डोळ्यांना पाणी यायचं. आमच्या खात्यात माग दुरुस्त करणाऱ्या एका जॉबरचा भाऊ दाढेच्याच सुजेनं गुदमरून गेला होता, आणि ते मला दिवसभर आठवत होतं. म्हणून तर खाडा करून, अंगावरचं लुगडं बदलून मी तिथवर गेले होते. ती मुलगी हलेना आणि मीही हलेना.

शेवटी आतून डॉक्टर मगदूम आले. तिशीतला माणूस, हातात मोजे, मास्क गळ्यात लोंबकळतोय. मुलगी माझ्याकडं पाठ करून त्यांना काहीतरी सांगायला लागली. ते माझ्या गालाकडं बघत होते, मान हलवत होते, आणि मग त्यांचे ओठ हलले.

"मर," ते म्हणाले. जरा थांबून पुन्हा, "मर, मर."

मी एक पाऊल मागं सरले.

हा शब्द मी कुणाच्या तोंडावर माझ्यासाठी दुसऱ्यांदा बघत होते. पहिल्यांदा बघितला तो आमच्याच दारात. आमच्या ह्यांना मागाचा शॉक बसला तेव्हा कारखान्यातल्या माणसांनी त्यांना घरी आणलं आणि दारापुढं निजवलं. मी चौकटीला टेकून बसले होते. रडू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आल्या. दोन्ही हातांनी त्यांनी माझं तोंड धरलं, अगदी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मर… मर…" पुढंही काही म्हणत होत्या, पण त्यांचे ओठ इतके थरथरत होते की मला एवढंच दिसलं. एकुलता एक मुलगा गेलेली आई. गल्लीतल्या बायकाही मला पांढऱ्या पायाची म्हणत होत्या, तेही मी बघितलं होतं. मी मान खाली घातली. त्यावर त्यांना कधी काही विचारलं नाही.

पुढं आत्तींचे डोळे गेले. रडून रडून गेले असं त्या म्हणायच्या, डॉक्टर म्हणाले काचबिंदू. मग आमचं असं बसलं: मी बोलायची ते त्यांना ऐकू यायचं, त्या बोलायच्या ते मला दिसायचं. आंधळी सासू आणि बहिरी सून! "दोघी मिळून एक माणूस पुरं होतंय," असं गल्लीत म्हणायचे आणि हसायचे. घर चाललं, चुलीवर रोज भाकरी झाली. पण आमचं बोलणं तेवढ्यापुरतंच. मीठ कुठं ठेवलंस, नळाला पाणी आलं का, लाईट गेली. त्यांचं करायची मी सगळं, आंघोळीचं पाणी, औषधाचे थेंब, काही कमी केलं नाही. जवळ बसून दोन शब्द बोलायला मात्र मन धजायचं नाही. मर म्हणालेल्या बाईशी गप्पा कशा मारायच्या?

आणि आता हा शिकलेला माणूस, काचेत फलक लावून, तेच म्हणत होता. मी ते कार्ड मुठीत चुरगळलं आणि पायऱ्या उतरले. मुलगी मागून हाका मारत असेल तर मला काय कळणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर तोंड उघडेना. दातांत बोटही जाईना. जीभ वर उचलली गेली होती, तोंडातून लाळ गळत होती, आणि हनुवटीपासून गळ्यापर्यंत सगळं टणक झालेलं. श्वास येत होता, पण ओढून घ्यावा लागत होता.

"आत्ती," मी हाक मारली. निदान मारली असं मला वाटलं.

आत्ती पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली. "काय?"

"दवाखाना," मी म्हटलं.

"काय म्हनतीस? नीट बोल की."

मी जीव तोडून बोलले. त्या कान देऊन बसल्या आणि मान हलवत राहिल्या. "कळंना गं. काय हूं हूं करतीस?"

तेव्हा मला खरी भीती वाटली. हातवारे त्यांना दिसत नव्हते. लिहून दाखवून उपयोग नव्हता, आणि दिसत असतं तरी त्यांना अक्षर येत नव्हतं. बोलणं एवढी एकच वाट होती आमची आणि ती बंद झाली होती. मी आता इथं, त्यांच्यापासून हातभर अंतरावर गुदमरून मेले तरी ह्या बाईला कळणार नाही, असं वाटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी भिंतीला डोकं टेकलं आणि रडायला लागले.

रडणं मात्र त्यांना ऐकू गेलं असावं. त्या उठल्या, चाचपडत आल्या आणि त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी अंग चोरलं. त्यांची बोटं गालावरून हनुवटीवर गेली, तिथून गळ्यावर, आणि तिथं थांबली.

"अगं बया! हे काय गं? दगडागत लागतंय की!" त्यांचा चेहरा पांढरा पडला. "आनि तू मला काल सांगितलं न्हाईस? चल. ऊठ. मी येतो की संगं."

आमच्याकडच्या जुन्या बायका पुरुषासारखंच बोलतात, येतो, जातो, करतो. आत्तींना ते शोभायचंही. पायात चपला चढवून, माझा दंड पकडून त्यांनी मला रस्त्यावर आणलं आणि ओरडून रिक्षा थांबवली. चौकातल्या जुन्या डॉक्टरांकडं गेलो तर दाराला कुलूप, 'बाहेरगावी' अशी पाटी. रिक्षावाला म्हणाला, मगदूम डॉक्टर जवळ आहेत, आणि मला काही सांगता येण्याआधी रिक्षा त्या पायऱ्यांपुढं उभी.

मी रिक्षाची दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"उतर की," आत्ती म्हणाल्या. "दाताला भितीस व्हय? माझं बत्तीसच्या बत्तीस गेलं, मी मेलो का?"

कसं सांगणार होते मी? आत जो बसलाय तो मला मर म्हणालाय, असं? आणि ते सांगायचं तरी कुणाला? मला मर म्हणालेलं एक माणूस दुसऱ्याकडं घेऊन चाललं होतं. तेवढ्यात श्वास मध्येच अडकला, डोळ्यांपुढं काळं आलं, आणि माझे हात आपोआप सुटले. जीव नकोसा झालाय असं तोंडानं किती वेळा म्हणतो आपण, पण वेळ आली की हात सुटतात आणि पाय दवाखान्याची पायरी चढतात.

काउंटरवर तीच मुलगी. तिनं आत्तींच्या डोळ्यांकडं बघितलं. "अहो आजी, तुम्हाला तर दिसत नाही."

"दिसायला कशाला पायजे?" आत्ती म्हणाल्या. एका हातानं त्यांनी काउंटर धरला होता, दुसऱ्यानं मला. "दात तिचा, डोळं डॉक्टरचं, कान माझं. आनखी काय कमी पडतंय ते सांग."

मुलगी धावतच आत गेली, बहुतेक माझा चेहरा बघून.

डॉक्टरांनी मला खुर्चीत घेतलं, गळ्याखाली दाबून बघितलं आणि भराभर बोलायला लागले. मास्क चढवलेला. मला फक्त कापड हलताना दिसत होतं. आत्तींना त्यांनी माझ्या पायांच्या बाजूला स्टुलावर बसवलं, बरोबर माझ्या नजरेसमोर. वरच्या दिव्याच्या उजेडात आत्तींचं बोळकं तोंड मला लख्ख दिसत होतं.

"सूज घशाकडं चाललीया म्हनत्यात," आत्ती ते ऐकून मला सांगायला लागल्या. "आज आली नसतीस तर श्वास कोंडला असता. हितं चिरून पू काढत्यात, दाढ काढत्यात. तरीबी उतार न्हाई पडला तर मिरजंला मोठ्या दवाखान्यात. चालंल का विचारत्यात."

मी मान डोलावली. ती डॉक्टरांनी बघितली.

"कुठली गोळी सोसत न्हाई का? साखर हाय का? पोटुशी हाईस का, असं बी विचारत्यात," हे सांगताना आत्तींना अशा वेळीसुद्धा जरा हसू आलं.

नाही, नाही, नाही.

"आता सुई टोचत्यात. लई दुखलं तर डावा हात वर कर."

सुई आत गेली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. ज्यानं काल मला मर म्हटलं त्याच्या हातात आज माझा गळा होता, आणि त्याच्या हातात पातं होतं. देवा, मी मनात म्हटलं, न्यायचंच असेल तर ह्याच्या हातून नको. आत्ती आपल्या ऐकत होत्या आणि सांगत होत्या. "चिरलं. आता दाबत्यात. घाण येतीया, थुकून टाक. थुक." तोंडात काहीतरी फुटलं, घाण वास आला, आणि मी थुंकले. पुन्हा दाबलं, पुन्हा थुंकले. हळूहळू छातीत वारा जायला लागला. जबडा थोडा सैल झाला.

मग दाढ. डॉक्टर उठून उभे राहिले, कोपर वर आला, आणि त्या कोपराआड आत्तींचा चेहरा गेला. आता मला काहीच दिसत नव्हतं. फक्त पांढरा कोट, दिवा, आणि जबड्यात कुणी पहार घालून उपटतंय तशी ओढ. मी डावा हात वर केला. डॉक्टर थांबले. त्यांनी मला बघितलं, आणि ही ओठ बघते हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी एका हातानं मास्क खाली ओढला, माझ्यावर वाकले आणि तोंड मोठ्ठं करून सावकाश म्हणाले,

"मर. मर."

त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट माझ्या तोंडातच होतं. मी कडकडून चावले.

डॉक्टर मागं उडाले. ट्रे खाली पडला. मी खुर्चीतून अर्धी उठले आणि जेवढं तोंड उघडत होतं तेवढ्यानं ओरडले, "आत्ती! हा मला मर म्हणतोय! कालपण म्हणाला! मर म्हणतोय मला!"

आत्ती उठून उभ्या राहिल्या. आता माझे शब्द त्यांना कळले होते. त्यांचा चेहरा असा झाला की मी तो त्याआधी कधी बघितला नव्हता. हात पुढं करून त्यांनी डॉक्टरांचा कोट शोधला आणि मुठीत धरला.

"काय हो डॉक्टर? माझ्या सुनंला मर म्हनालासा?"

डॉक्टरांचा मास्क अजून खालीच होता. एक हात दुसऱ्या हातात धरून ते घाईघाईनं काहीतरी बोलत होते, दोन्ही गाल लाल झाले होते. आत्तींनी ऐकून घेतलं. हळूहळू त्यांची मूठ सुटली. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"अगं येडे, बरं म्हनाले ते. बरं! सवय हाय त्यांची. मी आल्यापासनं ऐकतोय की, सुई टोचली बरं, पू निघाला बरं, त्या पोरीनं कापूस दिला तरी बरं. बरं म्हनाले. बरं."

त्यांचे ओठ मिटले आणि उघडले. मिटले आणि उघडले.

ते मर होतं. हुबेहूब तेच, तेवढंच मिटणं, तेवढंच उघडणं. बाप म्हणा, पाप म्हणा, माप म्हणा, ओठ एकच. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पुढंमागं काय चाललंय त्यावरून आम्ही ओळखतो. जेवताना कुणी म्हटलं तर ते बरंच असणार, हे सांगायला लागत नाही. पण दाराशी मेलेलं माणूस ठेवलेलं असताना?

मी पुन्हा खुर्चीत पडले. डॉक्टरांनी बोट धुतलं, पट्टी लावली, नवे मोजे चढवले आणि माझ्याकडं बघून दोन्ही हात जोडले. मीही जोडले. मग आत्तींना त्यांनी काहीतरी सांगितलं आणि आत्ती मला म्हणाल्या, "आता 'झालं' एवढंच म्हनतील. दुसरा शब्द काढनार न्हाईत तोंडातनं." आणि खरंच, दाढ निघेपर्यंत त्या माणसानं दोनदा मास्क खाली केला आणि दोन्ही वेळा, "झालं, झालं," एवढंच म्हणाला. दाढ निघाली तेव्हा मला कळलंही नाही. मी आत्तींचं तोंड बघत होते.

"तासभर कापूस धरून ठेवायचा, बोलायचं न्हाई," आत्तींनी सांगितलं. "संध्याकाळी परत दाखवायला यायचं. सूज वाढली तर लगेच. थोडा वेळ भाईर बस म्हनत्यात."

बाहेर त्याच फलकाखाली बाकावर आम्ही बसलो. गळा अजून टणक होता, पण श्वास येत होता. मी आत्तींकडं बघत होते. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या समोर तोंड करून बसल्या होत्या, त्यांना ठाऊकच नव्हतं की कुणी आपल्याकडं असं बघतंय. भाकरीवर भाकरी वाढली ह्या बाईला मी, डोळ्यांत थेंब घातले, आणि एकदाही जवळ बसले नाही. विचारायचं होतं, आत्ता, ह्या घडीला. पण तोंडात कापूस, आणि त्यांना डोळे नाहीत. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ते असं.

मी त्यांचे दोन्ही हात उचलले आणि माझ्या तोंडावर ठेवले, त्या दिवशी त्यांनी धरलं होतं तसं.

"काय गं? दुखतंय?"

त्यांच्या तळव्यांत मी मान हलवली, नाही.

"मग? श्वास लागतोय का?"

नाही.

मला राहवेना. कापूस काढला आणि हातरुमालात धरला. रक्ताची चव आली. "आत्ती," मी म्हटलं, "ह्यांना दारात आणलं त्या दिवशी, माझं तोंड असं धरून तुम्ही काय म्हणाला होता?"

त्यांचे हात हलले नाहीत.

"काय म्हननार बाई मी," त्या म्हणाल्या. ओठ थरथरायला लागले होते, पण आता मी एकही अक्षर सुटू दिलं नाही. "बरं हुईल, म्हनालो. बरं हुईल गं, मी हाय न्हवं तुला. दुसरं काय म्हनायचं असतं? तू खाली मान घातलीस आनि काय बोललीच न्हाईस. मला वाटलं, पोरीला माझं बोलनं नको असंल."

"मला दिसलं नाही नीट," मी म्हटलं.

"मग तू काय समजलीस?"

माझ्या तोंडावरचे त्यांचे हात तसेच होते. आतल्या खोलीत मी काय ओरडले होते ते त्यांनी ऐकलं होतं. त्या उत्तराची वाट बघत होत्या, आणि त्यांच्या अंगठ्याला माझ्या डोळ्यांतलं पाणी लागलं असणार.

मुलीनं दिलेल्या पुडीतला नवा कापूस मी काढला आणि दातांत घट्ट धरला. तासभर बोलायचं नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं.